सुलतानाबाई रस्ता ओलांडते

नागभीडच्या रेल्वे फाटकापलीकडे राहणाऱ्या सुलतानाला आसपासच्या खेड्यांत नावानं कोणी हाक मारत नाही. ती गावात शिरली की पहिल्या घरातली बाई दुसऱ्या घराला ओरडून सांगते, "चुडीवाली आली वं!" आणि तिची पाटी उतरायच्या आधीच ओसरीवर बायका जमतात. लग्नाचा हिरवा चुडा असो की सहज म्हणून हवी असलेली लाल काच, समोरचीचा हात हातात घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबून, बोलता बोलता ती बांगडी चढवते. हात कितीही राठ असला तरी काच फुटत नाही.

हा धंदा तिच्याकडे सासूकडून आला. नवरा खुर्शीद सायकली दुरुस्त करायचा. त्यानं हौसेनं एक लेडीज सायकल तयार करून दिली, तर हिनं आठवड्यात परत केली. काचेचा माल सायकलवर नाचतो, म्हणाली. मग सारा जन्म पायीच गेला. मिंडाळा, कोर्धा, मौशी, बाजाराच्या दिवशी तळोधी. पावसाळ्यात धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असल्या की शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं, उन्हाळ्यात मोहाच्या सावलीनं. घोडाझरीच्या रस्त्यावर एकदा वाघ आडवा आला होता. तिच्या मागून येणारी एसटी थांबली, समोरून येणारा ट्रॅक्टर थांबला, आणि वाघ आपल्या चालीनं पलीकडच्या झुडपात गेला. सुलताना घाबरली खरी, पण पाटी खाली ठेवली नाही.

खुर्शीद गेला तेव्हा मुलगा बिलाल ब्रह्मपुरीच्या आयटीआयमध्ये शिकत होता. एसी दुरुस्तीचं काम शिकून तो नागपूरला गेला, तिथून आखातातल्या एका शहरात. मागून त्यानं चंद्रपूरच्या तहसीनशी लग्न केलं आणि तिलाही तिकडे नेलं. तहसीनला आई नव्हती. तिला दिवस गेले तेव्हा तिनं फोनवर सासूला एवढंच म्हटलं, "अम्मी, तुम्ही याल का?" सुलतानानं पाटी शेजारणीकडे ठेवली, पासपोर्टसाठी चंद्रपूरच्या दोन खेपा मारल्या आणि सुनेला सातवा महिना लागला तेव्हा विमानात जाऊन बसली.

ते शहर चकचकीत होतं. पहिले दोन दिवस तिनं तोंडात बोट घालून पाहिलं. बिलालचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली टायरवाल्याचं दुकान. समोर रस्ता. जाणाऱ्या गाड्यांच्या तीन रांगा, मध्ये कठडा, येणाऱ्यांच्या तीन. आणि रस्त्याच्या पलीकडे भाजीचं दुकान, एक दवाखाना आणि छोटी बाग. बागेत चक्क कडुनिंब होते. गॅलरीत उभं राहिलं की त्यांची पानं हलताना दिसायची.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बेटा, मी जरा तिकडं फिरून येतो. निंबाखाली बसतो."

बिलाल मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला, "थांब, टॅक्सी बोलावतो."

"टॅक्सी? कायले? ते पाह्य ना, समोर दिसते."

"पायी नाई जाता येत, अम्मी. सगळे टॅक्सीनंच जातात."

तिला वाटलं पोरगा थट्टा करतो. पण टॅक्सी आली. ती सुसाट निघाली, पुढे कुठंतरी लांब जाऊन वळली, तेवढंच अंतर परत आली आणि सुलतानाला बागेच्या दारात उतरवून गेली. सुलतानानं वळून पाहिलं तर समोर तिचीच गॅलरी. सकाळी तिनंच वाळत घातलेली चादर दोरीवर हलत होती. आधी तिला हसू आलं. मग निंबाखाली बसल्या बसल्या राग यायला लागला, आणि तो काही केल्या उतरेना. घरून शेत दिसावं आणि शेतात जायला गाडी करावी लागावी, हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं.

परत जाताना तिनं टॅक्सी केली नाही. दवाखान्यासमोर रस्त्यावर पांढरे पट्टे आखलेले होते, मधल्या कठड्यात तेवढी वाट सोडलेली होती, बाजूला चालणाऱ्या माणसाच्या चित्राची पाटी होती. ती पट्ट्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. आधी सवयीनं उजवीकडे पाहिलं, तर गाडी आली डावीकडून. तिथल्या गाड्या उलट्या बाजूनं धावतात हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं मान फिरवली. गाड्या येत राहिल्या. पट्ट्यांजवळ येऊन एकही हळू झाली नाही. उलट तिला पाहून एकानं दिवे चमकावले, एकानं भोंगा धरून ठेवला. तेवढ्यात दहा-बारा मजूर आले. हातात डबे, डोक्यावर टोप्या. त्यांनी गाड्यांच्या मधली फट हेरली आणि एकदम पळत सुटले, रानात कुत्रं मागं लागल्यावर चितळं पळतात तसे. एकाची चप्पल रस्त्यावर राहिली. तिच्यावरून गाडी गेली.

सुलताना तशीच उभी राहिली. तिचं वय पळायचं नव्हतं, आणि वय असतं तरी ती पळाली नसती. शेवटी बिलालला फोन करावा लागला. त्यानं पाठवलेली टॅक्सी आली आणि तेवढ्याच लांबून फिरून तिला घरी सोडून गेली. सहा रांगांच्या एका रस्त्यानं तिला हरवलं होतं, आणि हे तिला फार झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तहसीनची तपासणी होती. तहसीन आत असताना सुलताना बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी निळ्या गणवेशातली एक सावळी, सडपातळ बाई फोनवर बोलत होती. बंगालीत बोलता बोलता ती एकदम म्हणाली, "अवो मी बरोबर हाव ना, तू काऊन रडून राह्यली?"

परमुलखात आपली बोली ऐकून सुलताना तिच्याकडे वळली. फोन ठेवायची वाटही न पाहता तिनं विचारलं, "कुठची वं तू?"

तीही उडालीच. "मुलचेऱ्याची. तुमी?"

"नागभीडची!"

दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. ती रीना. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतली. घरात बंगाली, शाळेत मराठी. दवाखान्यापलीकडच्या एका शाळेत सफाईच्या कामाला होती आणि रोज दोनदा हाच रस्ता ओलांडायची. फोन गावाकडच्या मैत्रिणीचा आला होता. रीना चालायला लागली तेव्हा सुलतानानं पाहिलं, डावा पाय थोडा ओढत होता.

"गाडी लागली होती," रीना म्हणाली. "इथीच. पळता पळता पाय घसरला."

"गाडीवाला थांबला नाई?"

"थांबला ना. त्याची गाडी खरचटली म्हणून माह्यावर ओरडला."

"अन् तू काय म्हनली?"

"मी काय म्हनू, बाई? सॉरी म्हनली. आपण परदेशी. रस्ता गाडीवाल्याचा."

सुलतानानं पांढऱ्या पट्ट्यांकडे हात केला. "मंग हे कोनासाठी काढले? गाडीनं पाहाले? पट्टे माणसाचे हायेत. तू पळते, ते पोट्टे पळतात, म्हणून गाडीवाल्याले वाटते का हे पळनारच. उद्या किती वाजता जातं तू? मी येतो संगं. पन पळाचं नाई."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी पट्ट्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या. सुलतानानं अंगावर ओढणी नीट घेतली, गाड्या जरा लांब असल्याचं पाहून उजवा हात वर केला, पंजा समोर, आणि पाय टाकला. हाताला धरलेल्या रीनाची नखं तिच्या मनगटात रुतली. "बाई, नोको, बाई..." पहिली गाडी करकचून थांबली. दुसऱ्या रांगेतलीनं पाहिलं आणि तीही थांबली. तिसऱ्या रांगेतला जोरात आला, थांबला आणि काच खाली करून अरबीत का इंग्रजीत काहीतरी ओरडला. सुलताना त्याच्या बोनेटसमोर उभी राहिली आणि झाडीपट्टीच्या भाषेत म्हणाली, "ओरड, बापा. तुही गाडी हाय, तुहा घसा हाय. आमच्या इकडं वाघ आडवा गेला तं एसटी थांबते. मी तं माणूस हाव." मग ती आपल्या चालीनं पुढे गेली, कठड्यापलीकडच्या तीन रांगांतूनही. डोक्यावर बांगड्यांची पाटी असताना जी चाल असते, तीच चाल.

पलीकडच्या फुटपाथवर रीना खालीच बसली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. सकाळी रीनाला पोचवायचं, संध्याकाळी आणायचं, मधल्या वेळी निंबाखाली बसायचं. आधी दोघीच होत्या. मग घरकाम करणाऱ्या दोघी-तिघी जमल्या, मग ते टोपीवाले मजूर. त्यांच्यात एक तरुण होता, त्याला पळायची इतकी सवय की अर्ध्या रस्त्यात हात सोडून तो सुटायचाच. सुलताना त्याला पलीकडे गाठून झापायची. "चोरी केली का तू? मंग पळतं काऊन?" त्याला मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळायचा. काही दिवसांनी तोही चालायला लागला, मान खाली घालून, नाइलाजानं.

सगळे थांबायचे असं नाही. एकदा एक पांढरी मोठी गाडी हातभर अंतरावरून गेली. सुलतानाची ओढणी उडाली, वाऱ्यानं डोळ्यांत धूळ गेली. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती परत पट्ट्यावर होती.

बिलालला हे कळलं टायरवाल्याकडून. तो घरी आला तो रागानं लाल होऊनच.

"अम्मी, तू गाड्यांपुढं उभी राहतं म्हणे! ही तुह्या कोर्ध्याची पांदण नाई. मरशील एखाद्या दिवशी. अन् पोलिसांनी पकडलं तं व्हिसा जाईल, माही नोकरी जाईल."

"मी पट्ट्यावरूनच जातो. पाटी लावली हाय तिथी."

"पाटीचं कोनी ऐकत नाई इथी!"

"मंग मी ऐकवतो."

तहसीन आतल्या खोलीतून म्हणाली, "भांडू नका ना," तशी सुलताना उठून तिच्याकडे गेली. पण गोष्ट तिथं संपली नाही. दोन दिवसांनी बिलाल आईला कंपनीच्या व्हॅनमधून बाजारात घेऊन निघाला. वाटेत एका मशिदीजवळ तसेच पट्टे होते. कडेला काठी टेकून एक म्हातारा उभा होता. सुलतानानं पाहिलं, बिलालनंही पाहिलं, आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला. व्हॅन पुढे निघून गेली. म्हाताऱ्यानं पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"थांबला काऊन नाई?" सुलताना म्हणाली.

"थांबलो असतो तं मागच्यानं ठोकलं असतं. इथी असंच चालवा लागते."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सुलतानानं दार उघडलं आणि उतरली.

"अम्मी! काय करतं?"

"तुह्या गाडीत मी नाई बसत, बिलाल. ज्या दिवशी तू माणसासाठी थांबशील त्या दिवशी सांगजो." आणि दार लावून ती फुटपाथवरून चालायला लागली. मागून भोंगे वाजत होते, बिलालला पुढे जावंच लागलं. विचारत विचारत ती संध्याकाळी घरी पोचली. पायाला फोड आले होते, ते तिनं कोणाला दाखवले नाहीत. परक्यांवर रागावणं तिला सोपं होतं. हा राग मात्र आपल्याच पोरावर होता. ज्यांच्यावर ती रोज ओरडायची, त्यांच्यातला एक गाडीवाला तिनंच नऊ महिने पोटात वाढवला होता.

तहसीनला मुलगी झाली. बिलालनं व्हॅन दारात आणली, तर सुलताना रीनाबरोबर बसनं इस्पितळात गेली. नातीला मांडीवर घेतलं, कानात अजान पडू दिली, सुनेचं कपाळ चुंबलं, आणि परतही बसनंच आली. बिलालनंही तिची समजूत काढली नाही. तो जिद्दीत आईवरच गेला होता.

बाळ घरी आल्यावर काही दिवस सुलताना पट्ट्याकडे फिरकली नाही. मग तहसीनच म्हणाली, "जा अम्मी, मी आहे बाळापाशी. रीना एकटी असेल." त्या संध्याकाळी रीनाला आणायला ती गेली. पट्ट्याच्या टोकाशी बरीच माणसं जमली होती. सुलतानानं हात वर केला आणि पाय टाकला. ती गाडी चालवणाऱ्यांकडे पाहत नसे, फक्त चाकांकडे पाहत असे. पहिल्या रांगेतली चाकं थांबली. माणसं तिच्यामागून चालू लागली. आणि मध्यावर पोचताच मागून धाडकन आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. सर्वांत पुढे थांबलेली व्हॅन बिलालची होती. तिच्या मागच्या गाडीनं तिला ठोकलं होतं. व्हॅनचा मागचा बंपर लोंबत होता, काचेचे तुकडे रस्त्यावर पसरले होते. बिलाल मान धरून उतरत होता.

रीना किंचाळली. सुलतानानं तिला कठड्यापाशी उभं केलं आणि परत फिरली. परत फिरतानाही तिनं हात वरच ठेवला होता. पोराजवळ जाऊन तिनं त्याची मान चाचपली, खांदा चाचपला, तोंडावरून हात फिरवला. तो ठीक होता. मागच्या गाडीतला माणूस उतरून हातवारे करत हिंदीत ओरडत होता, "बीच रोड में कौन रुकता है? पागल है क्या?"

बिलालचा चेहरा पांढरा पडला होता. तो आईकडे पाहून काही बोलणार होता, पण बोलला त्या माणसाकडे वळून. "पट्टा दिखता नहीं? मेरी अम्मी रोड पार कर रही थी."

पोलीस आला. त्यानं टायरच्या खुणा पाहिल्या, पट्टे पाहिले, मागून ठोकणाऱ्याची चूक लिहिली. तरीही कंपनीच्या साहेबानं बिलालला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, गाडी दुरुस्त होईपर्यंत त्याला दुसऱ्याच्या हाताखाली काम करावं लागलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तो ताटाकडे पाहत म्हणाला, "मी म्हनलो होतो ना, मागचा ठोकते म्हणून?"

"म्हनला होता," सुलताना म्हणाली. "अन् ठोकलंच."

"मंग?"

"मंग काय? पुढच्या वेळी थोडा आधीपासून हळू कर."

तहसीनला हसू आवरेना. बिलाल भाताचा घास हातात धरून बसला, मग तोही हसला, मनाविरुद्ध. व्हॅन दुरुस्त होऊन आली तेव्हा सुलताना तिच्यात बसली. वाटेत दोन ठिकाणी पट्टे आले. दोन्ही ठिकाणी बिलाल लांबूनच हळू झाला. एका ठिकाणी कोणी उभंच नव्हतं, तरीही.

म्हणून काही शहर सुधारलं नाही. तिचा व्हिसा संपला तेव्हाही गाड्या तशाच सुसाट होत्या, आणि पलीकडच्या चौकात माणसं तशीच पळत होती. विमानतळाच्या वाटेवर रीना तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आता मी कोनासंगं जाऊ?" सुलताना म्हणाली, "त्या टोपीवाल्या पोट्ट्याले पुढं घाल. उंच हाय, लांबून दिसते."

नागभीडला आल्यावर शेजारच्या नीलाबाईनं पाटी परत दिली आणि परदेश कसा होता ते विचारलं. मिंडाळ्याला, मौशीलाही बायका हेच विचारत होत्या. त्यांना उंच इमारतींचं, सोन्याच्या दुकानांचं ऐकायचं होतं. सुलताना ते थोडंफार सांगायची, मग गाडी वळून रस्त्यावरच यायची. कोर्ध्याची एक म्हातारी एकदा म्हणाली, "पन बाई, परक्या मुलखात एवढं भांडाचं कायले? चार महिने राहाचं होतं. टॅक्सीत बसाचं, चूपचाप याचं."

सुलतानाच्या हातात त्या म्हातारीच्याच सुनेचा हात होता. अर्धी बांगडी चढली होती. तिनं हात थांबवला.

"राहाचं चार महिने होतं," ती म्हणाली, "पन चालाचं तं होतं ना. मी कोनाचा रस्ता मागितला नाई. माह्या वाट्याचे चार पट्टे होते, त्याच्यावरूनच गेलो."

म्हातारीला ते पटलं नाही. ती मान हलवत आत गेली. सुलतानानं उरलेल्या बांगड्या चढवल्या, माल नीट लावला आणि पाटी उचलली. महिन्यातून एकदा रीनाचा फोन येतो. कधी तिच्याबरोबर दहा जण असतात, कधी ती एकटीच असते. एकटी असली की भीती वाटते, असं ती खरं खरं सांगते. पण पळत नाही, म्हणते. बिलालनं पुढच्या हिवाळ्याचं तिकीट काढायचं म्हटलं आहे. नात आता उभी राहायला लागली आहे. सुलतानानं येते म्हणून सांगून टाकलंय, आणि या वेळी बिलालनंही टॅक्सीचं नाव काढलेलं नाही.